सासऱ्यांची औटकी

बायकोनं माझ्याकडे कौतुकानं शेवटचं कधी पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण तिनं तिच्या वडलांकडे तसं पाहिलं तो दिवस पक्का आठवतो. एप्रिलमधला रविवार होता. टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर माझे पत्ते पसरलेले होते आणि सासरे हातातली बशी न सांडता म्हणाले, "दोन." उत्तर बरोबर होतं. माझं अजून यायचं होतं.

मला त्यांचा हेवा वाटला. त्या दिवशी वाटला आणि पुढचे पाच महिने वाटत राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा, तेही बायकोच्या बापाचा, हेवा करणं शोभत नाही हे मलाही कळतं. कळून उपयोग काय?

त्या पत्त्यांवर मी दोन वर्षं घासली होती. कुणी गोल्फ खेळतं, कुणी अंगणात टोमॅटो लावतं, मी ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायला शिकत होतो. खेळ सोपा आहे. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढे जाऊ द्यायची नाही, आणि डीलरवर मात करायची. सहा कॅट एकत्र पिसलेले असतात आणि गेलेला पत्ता त्या फेरीत परत येत नाही. छोटे पत्ते जास्त निघून गेले, की मागे दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त उरतात, आणि ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं असतं. म्हणून दुर्रीपासून छक्कीपर्यंत काही दिसलं की एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा, मधल्यांकडे दुर्लक्ष करायचं. इथपर्यंत मला छान जमत होतं.

पुढे घोडं पेंड खायचं. ती बेरीज न उलगडलेल्या कॅटांनी भागायची असते, आणि किती कॅट उरले ते खेळून झालेल्या, बाजूला रचलेल्या पत्त्यांच्या थप्पीकडे नुसतं बघून ओळखायचं असतं. अडीच उरले की साडेतीन? मग दहाला अडीचनं भागा, सातला साडेतीननं भागा, आणि येईल त्या आकड्याप्रमाणे डाव लहान किंवा मोठा लावा. हे सगळं डीलर पुढचा पत्ता टाकायच्या आत. यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो थप्पीचं चित्र दाखवायचा आणि मी उत्तर द्यायचो. दोन वर्षांत दहातली सात उत्तरं बरोबर येऊ लागली होती. ऑफिसात मी टेस्टर आहे, दहातली सात हा आकडा काही फ्रेम करून लावण्यासारखा नाही हे मला ठाऊक होतं. पण तो माझा होता.

सासरे परतवाड्याचे. एका लाकडाच्या वखारीत त्यांनी चाळीस वर्षं मोजणीचं काम केलं. मेळघाटातून सागाचे ओंडके यायचे, चिरून थप्प्या लागायच्या, आणि हे थप्पीसमोर उभे राहून किती घनफूट ते सांगायचे. टेप नंतर लागायची, व्यापाऱ्याचं समाधान म्हणून. लहानपणी मास्तरांनी छडीच्या धाकानं पाठ करून घेतलेली पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी त्यांना अजून तोंडपाठ होती. औट म्हणजे साडेतीन. आमच्या पुण्याच्या शाळेत हे असले पाढे कुणी शिकवले नाहीत. आम्हाला कॅल्क्युलेटर मिळाला आणि आम्ही स्वतःला शहाणे समजलो.

त्या रविवारी ते माझ्यामागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "जवाईबापू, हे काय मोजून राह्यले तुमी?"

मी मोठेपणानं समजावून सांगितलं. सांगताना मला जरा बरंही वाटत होतं. मग मी एक थप्पी रचली, म्हटलं, "आता बेरीज समजा सात आहे."

त्यांनी थप्पीकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत "दोन औट सात" म्हणाले, आणि तो आकडा सांगितला. मी पत्ते मोजून पाहिले. साडेतीन कॅट उरले होते, फरक फक्त दोन पत्त्यांचा.

"डॅड, आजोबा इज वे फास्टर दॅन यू!" माझी अकरा वर्षांची लेक किंचाळली.

आणि स्वयंपाकघराच्या दारातून बायको त्यांच्याकडे तसं पाहत होती. दोन वर्षं जी या टेबलापाशी "झालं का जुगाऱ्याचं?" एवढंच म्हणून जायची, ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, अजून एक सांगा ना."

तिच्या कौतुकाला कारण होतं, ते सांगायला हवं, नाहीतर मी फक्त कोत्या मनाचा दिसेन. तसा मी आहेच, पण गोष्ट तेवढीच नाही. सासूबाई गेल्यावर सासरे परतवाड्याला एकटे राहत होते. हिवाळ्यात दोनदा त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले. एकदा बाजारातून येताना घराची गल्ली सापडेना म्हणून शेजाऱ्यानं हात धरून आणलं. शेजाऱ्याचा फोन आल्यावर बायकोनं ऑफिसातून रडतच मला फोन केला, आणि महिन्याभरात त्यांना घेऊन आली. सप्टेंबरचं परतीचं तिकीट होतं, पण तिनं मला आणि त्यांनाही स्पष्ट सांगितलं होतं, की डोकं ठीक आहे अशी खात्री पटली तरच पाठवीन, नाहीतर ग्रीन कार्डचा फॉर्म भरून इथंच ठेवून घेईन. त्यांना इथं राहायचं नव्हतं. वखार बंद पडली होती, तरी रोज सकाळी तिच्या ओट्यावर जुन्या चार जणांत जाऊन बसणं हेच त्यांचं आयुष्य होतं. इथं त्यांना ना गाडी चालवता येत होती, ना कुणाशी बोलता येत होतं. मुलीनं नेलं तर देवळात जायचं, नाहीतर मागच्या कुंपणापर्यंत चालून परत यायचं.

त्यामुळे तो "दोन" हा आकडा तिच्यासाठी नुसता पत्त्यांचा नव्हता. तरी माझ्या पोटात दुखलं. टेबल माझं, पत्ते माझे, दोन वर्षं माझी, आणि हे आयत्या बिळावरचे नागोबा!

मे-जूनमध्ये घरात तेच चाललं. लेक शाळेतून आली की आजोबांपुढे पत्ते मांडायची. बायको फोनवर बहिणीला सांगायची, बाबांचं डोकं बघ कसं चालतंय. माझ्याशी ती इतकी वर्षं पुस्तकी मराठी बोलत आली, बहुतेक पहिल्या वर्षी मी तिच्या "का"ऐवजी येणाऱ्या "काऊन" ला हसलो म्हणून. त्यांच्याशी मात्र वऱ्हाडीत बोलायची, आणि त्या भाषेत ती वेगळंच हसायची, मोठ्यानं, डोकं मागे टाकून. हे हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी गुपचूप औटकी पाठ करायला घेतली. गाडीत ऑफिसला जाताना म्हणायचो. तीन औट साडेदहा, चार औट चौदा. पाढा आला, पण थप्पी बघायची नजर आली नाही.

जुलैत बायको एक दिवस म्हणाली, "घरात जमतं ते ठीक आहे. पण बाजारात गोंधळ होतो ना त्यांचा? गर्दीत, आवाजात जमलं तर मी मानेन." आणि माझ्याकडे वळून, "घेऊन जा त्यांना तुझ्या त्या कॅसिनोत. तिथं नीट मोजलं तर सप्टेंबरला जाऊ देईन. तू बघ आणि मला सांग."

लेकीला आत सोडत नाहीत, म्हणून त्या दोघी घरी राहणार होत्या. साक्षीदार मी एकटाच.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. टेक्सासची सीमा ओलांडून ओक्लाहोमात गेलं की थोड्याच वेळात कॅसिनो येतो. सासऱ्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता. ते स्वतः खेळणार नव्हते. "जुगाराले हात नाई लावला मी जन्मात," ते म्हणाले, "मी नुसतं सांगतो, लावायचं थे तुमी लावा." डोक्यातल्या डोक्यात मोजणं हा काही गुन्हा नाही, पण कॅसिनोला संशय आला तर ते उठवतात. म्हणून खुणा ठरवल्या, त्याही सासऱ्यांनीच. बाभूळ म्हणाले तर डाव वाईट, एकच चिप लावायची. साग म्हणाले तर चार. शिसव म्हणाले तर आठ.

आत घंटांचा आणि मशिनांचा कल्लोळ होता. मला वाटलं हे बावरतील. खरं सांगायचं तर मला तशी आशा होती. हे माझ्या खुर्चीमागे हात पाठीशी बांधून उभे राहिले, वखारीत राहत असतील तसे. तिथल्या सुपरवायझरनं अदबीनं विचारलं, काकांना खुर्ची आणू का? मी त्यांना ते सांगितलं. "कायले? चाळीस वर्स उभाच होतो," म्हणाले. मग पहिली फेरी, दुसरी फेरी. बाभूळ. बाभूळ. साग. मी माझंही मोजत होतो आणि मनात भागाकार करत होतो, आणि दर वेळी माझा आकडा यायच्या आधी मागून झाडाचं नाव यायचं. दर वेळी जुळायचं. आमच्या बाजूची बाई हसून म्हणाली, तुमचे वडील मंत्र म्हणतायत का? मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

तिसऱ्या फेरीच्या मध्याला वेट्रेस सोडा घेऊन आली. मी ग्लास घ्यायला वळलो, तिला टिप दिली. पुन्हा समोर पाहिलं तोवर डीलर आपले पत्ते गोळा करत होता. माझी बेरीज तशीच होती. भागाकार केला, दीडसुद्धा येत नव्हता. मी एक चिप पुढे सरकवली.

"शिसव," मागून आवाज आला.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"शिसव, जवाईबापू. पक्की शिसव."

मी मागे वळून दात-ओठ खात म्हणालो, "बाबा, चुकलात तुम्ही. मोजणी हुकली तुमची. आता गप्प उभे राहा."

पत्ते पडायला लागले. राजा, दश्शी, एक्का, राणी, पुन्हा दश्शी. टेबलावर चित्रांची गर्दी झाली. पडणाऱ्या पत्त्यावरून हिशेब बरोबर होता असं सिद्ध होत नाही, हे मी कुणालाही शिकवू शकतो. पण तेवढ्यात मला आठवलं, ग्लास घेताना डोळ्याच्या कोपऱ्यातून डीलरसमोर लहान पत्त्यांची लांब ओळ दिसली होती आणि ती मी मोजली नव्हती. त्यांनी मोजली होती. ते बरोबर होते आणि मला ते तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मी पुन्हा एकच चिप लावली. मग पुन्हा एकच. पुढच्या फेरीत मागून एकही झाड आलं नाही.

परतताना हायवेवर त्यांनी एकदाच विचारलं, "किती हुकलो?"

"दोन-तीननं," मी म्हणालो.

दारात बायको उभीच होती. तिनं मला विचारलं, त्यांना नाही. "काय मग?"

माझ्यापुढे सोपं वाक्य होतं. बाबा माझ्यापेक्षा चांगलं मोजतात. एवढं म्हटलं असतं तर ती त्यांच्या गळ्यात पडली असती, आणि ते हसू मला पुन्हा बघावं लागलं असतं. मी म्हणालो, "गर्दीत होतो गं गोंधळ त्यांचा. शेवटी शेवटी पार हुकले."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चपला काढत होते. "हो," म्हणाले, "हुकलो मी."

त्याच संध्याकाळी तिनं लॅपटॉप उघडून त्यांचा पासपोर्ट मागितला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दिला आणि तिला म्हणाले, "राहू मंग इथंच. काय करता?"

यानंतर माझं पोट शांत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आता बायको त्यांना जास्तच जपू लागली. आंबा कापून द्यायची, त्यांच्या पायाशी बसून कपड्यांच्या घड्या घालायची, आणि मला त्याचाही हेवा वाटला. तिनं गॅसच्या बटणांना लहान मुलांच्या घरी लावतात तसली झाकणं लावली. ज्या माणसानं चार महिने सकाळचा चहा सगळ्यांच्या आधी उठून केला, तो आता चहासाठी कुणी उठायची वाट पाहत सोफ्यावर बसायला लागला. पत्ते खणात गेले. हे मात्र मला बघवेना.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्यानं कुंपण बदलायला काढलं. सीडर लाकडाच्या फळ्यांची मोठी थप्पी त्याच्या गवतावर येऊन पडली. शनिवारी मी बाहेर आलो तर सासरे त्या थप्पीसमोर हात पाठीशी बांधून उभे. ओठ हलत होते. मग त्यांनी जमिनीवरची खिळ्यासारखी काडी उचलून मातीत एक आकडा लिहिला. दहा मिनिटांनी सुतारांच्या मुकादमानं फळ्या मोजल्या आणि मोठ्यानं आकडा सांगितला. मी मातीत वाकून पाहिलं. एका फळीचाही फरक नव्हता. ते वळून पाहायलाही थांबले नाहीत, घराकडे निघाले. त्यांना शंकाच नव्हती.

मी त्यांना गाठलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही बरोबर होता."

"माईत हाय," ते म्हणाले. "तुमी त्या पोरीकडून ग्लास घेतला, तवा डीलरनं सहा पत्ते काढले. बारीक होते सारे."

"मग बोलला का नाहीत? हिनं विचारलं तेव्हा?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "पोरीसमोर जवायाचा शब्द पाडू? असं करते का कोणी?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आन् तुमी काय मुद्दाम थोडंच केलं? हुकते माणूस."

ते आत गेले. मी कुंपणापाशी उभा राहिलो. परतवाडा, ओट्यावरची सकाळ, स्वतःचा चहा, हे सगळं त्यांनी माझा शब्द खाली पडू नये म्हणून सोडून दिलं होतं, आणि वर मला सुटायला वाटही करून दिली होती. हुकते माणूस. तेवढं म्हणून मी आत जाऊ शकत होतो. बायकोला सांगू शकत होतो, अगं, माझीच मोजणी चुकली होती, आत्ता लक्षात आलं. कुणाचंच काही बिघडलं नसतं.

मी आत गेलो तर ती ओट्यापाशी भेंडी चिरत होती. सासरे वर खोलीत होते. मी सगळं सांगितलं, ग्लास, सहा पत्ते, शिसव, आणि हेही, की मला तेव्हाच कळलं होतं.

तिची सुरी थांबली. "मग मला खोटं का सांगितलंस?"

"हेवा वाटला."

"कुणाचा? बाबांचा?" तिनं माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं, की लग्नाच्या आधी आम्ही तिला बघायला गेलो होतो तेव्हाही पाहिलं नसेल. "माझ्या बापाला तू वेडा ठरवलंस. माझ्यासमोर." मग तिनं सुरी ठेवली, लॅपटॉप उघडला, अर्धा भरलेला फॉर्म पुसून टाकला आणि गॅसच्या बटणांवरची झाकणं एकेक करून काढली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. भेंडी मी चिरली.

सप्टेंबरमध्ये आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. दुधाचं काय, विसराळूपणाचं काय, यावर तिनं परतवाड्याला शेजारच्या एका बाईंना दोन्ही वेळ डोकावून जायला सांगून तोड काढली होती. सासऱ्यांनी तोच पांढरा सदरा घातला होता. लेक त्यांना बिलगून, मध्येच इंग्रजीत, मध्येच मराठीत, औटकी म्हणून दाखवत होती. सहा औट एकवीसला ती अडखळली आणि ते हसले.

सिक्युरिटीच्या रांगेशी ते थांबले आणि मुलीला म्हणाले, "बाई, मी जाऊन राह्यलो थे जवाईबापूमुळं. त्यायनं माह्यासाठी शब्द टाकला तुह्याजवळ, मले समजलं. चांगला मानूस हाय. जप त्यायले."

मी ट्रॉलीचा दांडा धरून उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळं सांगायला तिला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मी ते सांगितलं असतं. ती वडलांकडे वळली, वाकून नमस्कार केला, आणि आमच्या सोळा वर्षांत माझ्याबद्दल कधी न वापरलेल्या अदबीनं, त्यांच्या भाषेत म्हणाली, "हो, बाबा. यायनंच सांगतलं मले."